शूमानचं तिसरं बोट

पियानोच्या क्लासात हा किस्सा कधी ना कधी कानावर पडतोच. एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान, याला आधी जगातला सर्वांत मोठा पियानोवादक व्हायचं होतं. चौथं बोट, म्हणजे अनामिका, काही केल्या ऐकेना, म्हणून त्यानं ते दोरीनं छताला टांगलं आणि उरलेल्या बोटांनी तासन्‌तास वाजवत राहिला. एक दिवस कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटली. वादक संपला, संगीतकार उरला.

मीही विद्यार्थ्यांना बरीच वर्षं हे असंच सांगत होतो. मग इंजिनीअरिंगला असलेला एक मुलगा शिकायला आला. त्याच्या खिशात स्प्रिंगचं छोटं यंत्र होतं, गिटारवाले वापरतात तसलं, प्रत्येक बोटाला वेगळी कळ. "सर, चौथं बोट इतरांइतकं वर जात नाही. बसमध्ये रोज अर्धा तास हे दाबतो." मी सवयीनं शूमानची गोष्ट काढली. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "पण त्याच्या बोटाला नेमकं झालं काय?" मला सांगता आलं नाही. त्या प्रश्नापायी शूमानच्या डायऱ्या, पत्रं आणि पुढे डॉक्टरांनी त्यावर लिहिलेलं वाचत गेलो. त्यातून जी केस हाती लागली ती किस्स्यापेक्षा बरीच वेगळी आहे, आणि शिकवणाऱ्यांच्या जास्त कामाची आहे.

आधी किस्सा दुरुस्त करू. बोट चौथं नव्हतं. शूमानच्या डायरीत तक्रार आहे ती उजव्या हाताच्या तिसऱ्या, म्हणजे मधल्या बोटाची. (अंगठा एक आणि करंगळी पाच हे आकडे आज सगळीकडे चालतात. जुन्या इंग्रजी पद्धतीत अंगठ्याला फुली असे आणि तर्जनीला एक. त्या हिशोबानं 'तिसरं' म्हणजे अनामिका. गोंधळाचं एक मूळ इथेही असू शकेल.) दोरी आणि छत यांना त्याच्या लिखाणात आधार नाही. कंडरा तुटल्याचं तो कुठे म्हणत नाही. बोट सुधारायला त्यानं एक यंत्र वापरलं आणि त्यामुळे ते बिघडलं, असंही सांगतात, पण हा क्रम तारखांशी जुळत नाही.

तारखा

१८१० च्या जूनमध्ये त्स्विकाऊत जन्म. वडील पुस्तकविक्रेते, ते १८२६ मध्ये गेले. आईच्या इच्छेखातर मुलगा आधी लाइप्झिगला आणि मग हायडेलबर्गला कायदा शिकायला गेला. वर्गात कमी, पियानोवर जास्त. लाइप्झिगमध्ये फ्रीडरिश वीक या नावाजलेल्या शिक्षकाकडे तो काही काळ शिकलाही होता.

१८३० च्या ईस्टरला त्यानं फ्रँकफर्टमध्ये पागानिनी या विख्यात इटालियन वादकाचं व्हायोलिन ऐकलं आणि कायद्यावरचं उरलंसुरलं लक्षही उडालं. ३० जुलैला आईला लांबलचक पत्र गेलं. चिकाटी आणि चांगला गुरू असेल तर सहा वर्षांत मी कोणत्याही पियानोवादकाच्या तोडीला येईन, कारण पियानो म्हणजे शेवटी निव्वळ यांत्रिक कसब, असं त्याचं म्हणणं.

आईनं वीकचं मत मागवलं. वीकनं मुदत निम्म्यावर आणली. तीन वर्षांत तुमच्या मुलाला आजच्या सर्वांत मोठ्या वादकांत नेऊन बसवतो, असा शब्द दिला. क्लासच्या जाहिराती करणाऱ्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. पण त्याच पत्रात त्यानं रॉबर्टच्या 'निव्वळ यांत्रिक' या कल्पनेला फटकारलंही होतं, किती एकांगी समज आहे ही, म्हणून. आणि उलट उदाहरण म्हणून स्वतःच्या लहान मुलीचं वादन पुढे केलं होतं. ती मुलगी म्हणजे क्लारा, पुढे नावाजलेली पियानोवादक आणि शूमानची बायको. दुखण्याचं आणि उताऱ्याचं दोन्ही बीज या एका पत्रव्यवहारात आहे, आणि तिघांपैकी कुणालाही ते दिसलं नाही.

ऑक्टोबर १८३० मध्ये शूमान वीकच्या घरी राहायला आला. वय वीस, हातात तीन वर्षं, आणि समोर आपल्याहून नऊ वर्षांनी लहान असलेली मुलगी आपल्यापेक्षा कितीतरी सहज वाजवते आहे. सप्टेंबर १८३१ मध्ये वीक क्लाराला घेऊन पॅरिसपर्यंतच्या दौऱ्यावर निघाला, तो मे १८३२ पर्यंत परतला नाही. म्हणजे ज्या महिन्यांत बोट हाताबाहेर गेलं, त्यातले बहुतेक महिने गुरू घरातच नव्हता. पोलिश पियानोवादक-संगीतकार शोपँची ओपस २ ची (म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या प्रकाशित रचनेची) व्हेरिएशन्स शूमाननं याच काळात घोटली. त्यांवर शूमाननं डिसेंबर १८३१ मध्ये लिहिलेला गौरवलेख आज प्रसिद्ध आहे. ती हाताला किती जड आहेत, हे मात्र लेख वाचून कळत नाही, वाजवूनच कळतं.

आता डायरी. मे १८३२ मध्ये 'सिगार-यंत्रा'चा उल्लेख येतो, त्यामुळे तिसरं बोट बरं चाललंय अशा अर्थाचा. या यंत्राचं चित्र किंवा आराखडा मागे राहिलेला नाही. काही दिवसांतच सूर बदलतो, तिसरं बोट सुधारण्यापलीकडचं वाटू लागतं. जूनच्या मध्यावर नोंद आहे की तिसरं बोट पूर्ण ताठ झालं आहे.

एवढंच वाचलं तर यंत्र दोषी ठरतं. पण मागची पानं उलटली की जानेवारी १८३० मध्ये, हायडेलबर्गला असताना, आपल्या 'बधिर' बोटाचा उल्लेख सापडतो. तेव्हा पागानिनी ऐकलेला नव्हता, आईला पत्र गेलेलं नव्हतं, वीकचं घर नव्हतं आणि यंत्रही नव्हतं. बोट आधी कुरकुरायला लागलं होतं. यंत्र आलं ते त्या कुरकुरीवरचा इलाज म्हणून. माझ्या मते अख्ख्या केसची किल्ली या एका तारखेत आहे.

१८३२ चा उत्तरार्ध उपचारांत गेला. ऑगस्टमध्ये तो आईला कळवतो की घराचं औषधांचं दुकान झालंय. दिवसा ब्रँडीनं हात धुवायचा, रात्री वनस्पतींचा लेप बांधायचा, आणि शिवाय 'प्राणिस्नान', म्हणजे नुकत्याच कापलेल्या जनावराच्या पोटात हात घालून बसायचं. गुराचा स्वभाव अंगात उतरेल की काय, अशी त्यानं थट्टाही केली आहे. पुढे विजेचा प्रयोग झाला, होमिओपॅथी झाली. नोव्हेंबरमध्ये त्यानं आईला लिहून टाकलं की हात बरा होणार नाही असं मी धरून चाललो आहे, आता पुन्हा चेलो हाती घेईन, त्याला बोटं डाव्याच हाताची लागतात.

एक तपशील मला विसरता येत नाही. त्याच १८३२ साली त्याची ओपस ३ ही पागानिनीच्या कॅप्रिसांवरची (व्हायोलिनच्या छोट्या, अवघड रचनांवरची) पियानो-अभ्यासिका छापून आली. तिच्या प्रस्तावनेत विद्यार्थ्यांसाठी बोटांचे पूर्वाभ्यास दिलेले आहेत. इकडे डायरीत बोट ताठ होत होतं आणि तिकडे छापखान्यात तोच माणूस बोटं कशी तयार करावीत ते सांगत होता.

हात

टेबलावर उजवा हात पालथा ठेवा. मधलं बोट तळव्याखाली दुमडा, बाकीची बोटं टेकलेलीच राहू द्या. आता अनामिका उचलून बघा. उचलली जात नाही, किंवा जेमतेम थरथरते. तर्जनी मात्र सहज उठते.

याला कमजोरी म्हणत नाहीत. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर ते मनगट या भागात असतात, आणि बोटांपर्यंत येतात त्या त्यांच्या कंडरा, कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारख्या. चार बोटं सरळ करणारा मुख्य स्नायू एकच, त्यालाच चार दोऱ्या. हाताच्या पाठीवर या दोऱ्या एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी बांधलेल्या असतात, आणि मधलं बोट, अनामिका, करंगळी यांच्यामधल्या पट्ट्या सगळ्यांत घट्ट. तर्जनीला आणि करंगळीला स्वतःचा एकेक जादा स्नायू आहे. मधल्या बोटाला आणि अनामिकेला तो नाही.

तेव्हा अनामिका तर्जनीइतकी उंच उचलण्याचा हट्ट म्हणजे बांधलेल्या दोरीशी भांडण. १८८० च्या दशकात फिलाडेल्फियातल्या एका सर्जननं वादकांच्या हातातल्या या आडव्या पट्ट्या चक्क कापून अनामिका 'मोकळी' करण्याची शस्त्रक्रिया सुरू केली होती. शूमानचं यंत्र त्यापुढे सौम्यच म्हणायचं.

मग बोटांचं स्वातंत्र्य म्हणजे काय? चांगला वादक वाजवताना बघा, त्याची अनामिका उंच जात नाही. ती वेळेवर खाली येते आणि वेळेवर सुटते, इतकंच. शेजारचं बोट थोडं सोबत हललं तरी बिघडत नाही. पियानोची पट्टी दहाएक मिलिमीटर खाली जाते. तेवढ्या अंतरासाठी बोट किती उचलायचं असतं? स्वातंत्र्य मेंदूनं नेमक्या क्षणी नेमक्या बोटाला सोडण्यात असतं, आणि सोडण्याचा सराव यंत्र दाबून होत नाही.

आपल्याकडे बरीच मुलं पेटीवरून पियानोकडे येतात, त्यांच्यासाठी एक जादा गोष्ट. पेटीत आवाज भात्यातून येतो. पट्टी हळू दाबा की जोरात, फरक नगण्य, आणि सूर टिकवायला पट्टी धरून ठेवावीच लागते. पियानोत पट्टी किती वेगानं खाली गेली त्यावर आवाज ठरतो. हातोडी तारेवर आपटून मागे आली की पुढचा सगळा दाब वाया जातो. सूर टिकवायचा असेल तर पट्टी वर येऊ न देण्यापुरतं वजन पुरतं. हे न कळल्यानं मुलं प्रत्येक सूर बुडाशी चिरडत राहतात, आणि चिरडणारं बोट शेजाऱ्याला मोकळं सोडूच शकत नाही, कारण कोपराखालचा सगळा भाग आवळलेला असतो.

शूमानच्याच साली, १८१० मध्ये, जन्मलेल्या शोपँला हे उमगलं होतं. त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या टिपणांत म्हटलं आहे की सगळी बोटं सारखी बळकट करण्याच्या नादात लोक निसर्गाविरुद्ध गेले. प्रत्येक बोटाची घडण वेगळी आहे, तेव्हा त्याची खासियत मारू नये, ती वाढवावी. तो हात बसवायचा तो ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी या पाच पट्ट्यांवर, म्हणजे लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटं खाली. १८३१ मध्ये पॅरिसच्या काल्कब्रेनरनं त्यालाही तीन वर्षं शिकण्याचं आमंत्रण दिलं होतं. हा काल्कब्रेनर मनगट टेकवायची दांडी पियानोला लावून शिकवण्याचा पुरस्कर्ता. शोपँनं विचार केला, घरच्यांना पत्रं लिहिली आणि नम्रपणे नको म्हटलं. एकाच सुमारास दोघांना तीन-तीन वर्षांचा करार देऊ केला गेला, आणि हो म्हणणाऱ्याचा हात गेला. यावरून फार मोठा सिद्धांत काढू नये, पण मनात राहतं खरं.

साक्षीदार

यंत्राबद्दल जे पुरावे आहेत, ते देणाऱ्या प्रत्येकाचा काही ना काही मतलब होता. वीकनं १८५३ च्या पुस्तकात एका नामांकित शिष्यानं शोधलेल्या 'बोटं छळणाऱ्या' यंत्राची खिल्ली उडवली. हा तोच वीक, ज्यानं क्लाराचं शूमानशी लग्न होऊ नये म्हणून कोर्ट गाठलं होतं आणि जो हरला होता. दुसरा साक्षीदार डॉक्टर रॉयटर. १८४० नंतर शूमानला लाइप्झिगच्या नागरी रक्षकदलातून सूट हवी होती, तेव्हा रॉयटरनं दाखला दिला की उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट निकामी आहे, आणि ती बोटं हाताच्या पाठीकडे ओढणारं यंत्र वापरल्यानं त्यात भर पडली. रॉयटर शूमानचा मित्र होता. सूट मिळवायच्या दाखल्यात दुखणं थोडं ठळक लिहिलं जातं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिसरी साक्ष क्लाराची, म्हातारपणची. तिच्या मते बोट तर्जनी होतं आणि कारण होतं जड पट्ट्यांचा मुका कीबोर्ड, ज्यावर आवाज न करता सराव करत. हिला वजन द्यावं असं मला वाटतं, कारण शूमाननं पुढे तरुण संगीतकारांसाठी लिहिलेल्या नियमांत या मुक्या कीबोर्डांवर खास टोला आहे : काही दिवस वापरून बघा, म्हणजे ते कशाच्याच कामाचे नाहीत हे कळेल, मुक्यांकडून बोलायला शिकता येत नाही.

निदान

१९७१ मध्ये संगीत-अभ्यासक एरिक सॅम्स यांनी मांडलं की सिफिलिसवर घेतलेल्या पाऱ्यामुळे हात गेला. पण पाऱ्याची विषबाधा एकाच हाताची एक-दोन बोटं निवडून बाकी शरीर सोडून देईल, हे पटत नाही. १९७८ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कोपराखालच्या एका मज्जातंतूला इजा झाली असावी असा अंदाज आला. अलीकडे हानोफरचे मेंदूतज्ज्ञ एकार्ट आल्टेनम्युलर, जे स्वतः बासरीवादक आहेत, यांनी फोकल डिस्टोनियाचं निदान मांडलं. मला ते सगळ्यांत जुळणारं वाटतं.

या विकारात हात सुजत नाही, सहसा दुखतही नाही. वाजवायला बसलं की एखादं बोट आपोआप आत वळतं किंवा ताठ होतं. उठून चहाचा कप धरला तर सगळं ठीक. सतत एकाच प्रकारच्या, फार वेगवान आणि फार ताणलेल्या सरावानं मेंदूतल्या शेजारी बोटांच्या जागा एकमेकींत मिसळतात आणि एकाला दिलेला हुकूम दुसरं बोटही पाळायला लागतं. व्यावसायिक वादकांत शंभरात साधारण एकाला हे होतं, बायकांपेक्षा पुरुषांना जास्त, आणि सगळं अचूक यावं म्हणून स्वतःला पिळणाऱ्यांना जास्त. शूमाननं डिसेंबर १८३८ मध्ये व्हिएन्नाहून क्लाराला लिहिलं की वाजवताना एक बोट दुसऱ्यावर अडखळतं. याहून नेमकं वर्णन आजचा रुग्णही करणार नाही. आणि त्याच हातानं तो पुढची कित्येक वर्षं ढीगभर स्वरलिपी आणि लेख लिहीत होता.

यंत्राचा दोष इथेच बसतो. बोट ऐकत नाही याचा अर्थ त्यानं 'ते कमजोर आहे' असा घेतला आणि त्यावर जोर वाढवला. खरं तर हुकूमच गढूळ झाला होता, आणि जास्त जोरानं तो आणखी गढूळ झाला. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांनीही १९६४ च्या सुमारास, अनामिका आणि करंगळी आत वळायला लागल्यावर, आधी सराव वाढवला होता. दोन्ही हातांनी नियमित वाजवायला त्यांना तीसेक वर्षं लागली, आणि तेही स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनमच्या इंजेक्शनांच्या आधारानं.

क्लासात

त्या मुलाचं यंत्र मी काढून घेतलं नाही, त्यानंच ते गिटारवाल्या मित्राला दिलं. आम्ही चार पट्ट्या दाबून धरून उरलेलं एक बोट उचलायचे जुने व्यायाम बंद केले, कारण त्यात उचलणारे आणि दाबणारे स्नायू एकाच वेळी एकमेकांशी लढतात. त्याऐवजी एक सूर, हात पूर्ण सैल, पुढचा सूर. तिसऱ्यानंतर चौथं बोट वाजवताना मनगट किंचित करंगळीकडे सरकू द्यायचं, म्हणजे कोपरापासूनचा हात त्या बोटाच्या मागे उभा राहतो आणि बोटाला एकट्यानं काही उचलावं लागत नाही. वीस मिनिटं झाली की उठायचं. बोट बधिर वाटलं तर त्या दिवशी पियानो बंद, मग परीक्षा आठवड्यावर असली तरी. या शेवटच्या अटीवर त्याच्या आईशी माझा थोडा वाद झाला. "सर, रियाज म्हटला की थोडं सोसावंच लागतं ना?" थकणं आणि बधिर होणं यांतला फरक त्यांना समजवायला पाऊण तास गेला.

वीक स्वतःच्या मुलीला हेच शिकवत होता, हा या केसमधला सगळ्यांत विचित्र भाग. क्लाराचा सराव दिवसाला तीनेक तासांवर जाऊ द्यायचा नाही आणि रोज लांब फिरायला न्यायचं, असा त्याचा शिरस्ता. घरात वर्षभर राहिलेल्या शिष्यानं ते बघितलं असणारच. पण वीस वर्षांच्या माणसाला नऊ वर्षांनी लहान मुलीचं वेळापत्रक पाळावंसं वाटलं नसावं.

क्लाराचाही हात कायम शाबूत राहिला असं नाही. १८७३ मध्ये संगीतकार ब्राम्झचा डी मायनर काँचेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) बसवताना तिचा हात भरून आला आणि दुखणं हटेना. तोवर पियानोही तिच्या लहानपणीच्या हलक्या वाद्यांपेक्षा बरेच जड झाले होते. तिनं मैफली थांबवल्या, वर्षभराहून जास्त काळ, उपचारांसाठी कीलला गेली, कुठलंही यंत्र न लावता वाट बघितली. १८७७ मध्ये ब्राम्झनं बाखचा शाकोन, मूळ एकट्या व्हायोलिनसाठीची रचना, पियानोवर डाव्या हातासाठी बसवून तिला पाठवला, तेव्हा योगायोगानं कीलमध्येच एक ड्रॉवर उघडताना तिच्या उजव्या हाताची शीर ताणली गेली होती. काही दिवस तिनं तो एकट्या डाव्या हातानं वाजवला. मार्च १८९१ मध्ये फ्रँकफर्टला तिनं शेवटची जाहीर मैफल केली, तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती.